'बरा आहे' म्हणजे नक्की कसा आहे?

मागच्या आठवड्यात एक नवा मराठी सिनेमा पाहिला. नाव घेत नाही, करणाऱ्यांनी मेहनत घेतली असणार. रात्री मडगावच्या मैत्रिणीचा फोन आला. कसा आहे विचारलं तिनं, मी म्हटलं, "बरा आहे." आमच्या पुण्यात याचा अर्थ एवढाच, की माझे पैसे अगदीच पाण्यात गेले नाहीत, पण तुझे तू घालवू नकोस. तिनं शनिवारी सासू-सासऱ्यांसकट सगळं घर थिएटरात नेलं. रविवारी सकाळी मला जे ऐकावं लागलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटी म्हणाली, "तूच बरो म्हणालीस ना!"

तेव्हा माझी ट्यूब पेटली. तिच्याकडे 'बरो' म्हणजे चांगला. निव्वळ चांगला, मागे-पुढे काही नाही. गोव्यात आभार मानताना 'देव बरें करूं' म्हणतात, रात्री निरोप घेताना 'देव बरी रात दिवं'. देवानं तुला बऱ्यापैकी रात्र द्यावी, जमलं तर, असं कोण कशाला म्हणेल?

तर प्रश्न असे. तुमच्याकडे सिनेमा 'बरा' म्हटला तर समोरचा तिकीट काढतो की घरी बसतो? आणि हा शब्द आपल्याकडे घसरला कशानं?

कोशकीटक

ताई, मूळ संस्कृत 'वर' मानतात. वर म्हणजे श्रेष्ठ, निवडलेला. नवरदेवातला वर तोच. त्यावरून बरवा, बरा. ज्ञानेश्वर 'तो हा विठ्ठल बरवा' म्हणतात तेव्हा विठ्ठल ठीकठाक आहे असं त्यांना म्हणायचं नसतं. तिथे बरवा म्हणजे सुंदर, डोळ्यांना सुख देणारा. तुकोबा 'बरें जालें देवा निघालें दिवाळें' म्हणतात तेव्हाही 'बरें' पूर्ण वजनाचं आहे. ते हलकं धरलं तर अभंगातली सगळी कळ निघून जाते.

आजच्या बोलीतही जुना अर्थ ठिकठिकाणी शिल्लक आहे, फक्त आपलं लक्ष जात नाही. 'बऱ्या बोलानं ऐक' मध्ये बरा बोल म्हणजे चांगला बोल. 'बरंवाईट' या जोडीत बरं हे वाईटाच्या थेट विरुद्ध बाजूला बसलंय. 'बराच पाऊस झाला' यात तर तो चांगला भरपूर झाला.

घसरण कुठे झाली, याबद्दल माझा एक अंदाज आहे. 'बरा'ला 'पेक्षा'ची संगत लागली. उपाशी राहण्यापेक्षा शिळी भाकर बरी. अशा वाक्यात भाकरीची स्तुती नसते, उपाशी राहण्याची निंदा असते. हे इतकं अंगवळणी पडलं की 'पेक्षा' गाळलं तरी तुलना मागे उभीच राहते. तुम्ही 'बरा आहे' म्हणालात तेव्हा ऐकणारा मनातल्या मनात विचारतो, कशापेक्षा?

आजारपणातही हेच पाहा. 'मुलगा बरा झाला' म्हणजे पूर्ण बरा. पण तापातल्या माणसाला विचारलं आणि तो म्हणाला 'आता बरं आहे', तर तो कालच्यापेक्षा म्हणतोय. अजून अंगात कणकण आहे.

मी

'कशापेक्षा' हे पटलं. सिनेमाच्या बाबतीत उत्तर बहुतेक वेळा 'वाटलं होतं त्यापेक्षा' असं असतं. ट्रेलर भिकार होता, त्या मानानं बरा.

पण नुसत्या शब्दावर सगळं ठेवता येत नाही, शेपूट पाहावं लागतं. आमच्या घरातल्या नोंदी देते. 'तसा बरा आहे' म्हणजे वाईट आहे पण नायिका ओळखीतली आहे. 'बराय' असं तोडून म्हटलं तर विषय बदला. 'बराऽ आहे' असं लांबवलं तर पुढे 'पण' येणार, थांबा. 'बरा होता की' म्हणजे तू उगाच नावं ठेवत होतास. आणि 'बरा आहे की!' असं भुवया उंचावून म्हटलं तर ती खरी दाद, आमच्या वडिलांच्या तोंडून यापेक्षा मोठी निघत नसे. एका 'की'नं सिनेमा नापासाचा पास होतो. 'बऱ्यापैकी' हे आणखी वेगळं प्रकरण, त्यात माणूस पैकीच्या पैकी द्यायचं टाळतो आणि किती दिले तेही सांगत नाही.

वऱ्हाडी ठसका

आमच्या नागपूरकडे आधी हे सांगा, की बरा का बरी? आम्ही 'पिक्चर पाह्यली' म्हणतो. 'कोणती पिक्चर लागली बे?' असंच विचारतो. पुण्याला शिकायला गेलो तेव्हा मित्र 'तो पिक्चर' म्हणाले की कानाला खडा लागल्यासारखं वाटायचं, त्यांना माझं 'ती' ऐकून तसंच वाटत असेल. हिंदीचा शेजार आहे, दुसरं काय. आणि आम्ही 'बरी' म्हटलं तर थेट 'नको पाहू' असंच समजा. आवडली असती तर 'मस्त' म्हटलं असतं.

पिटातला

विषयांतर करतो, माफी असावी. 'लागली' हा शब्द वाचला आणि राहवलं नाही. सिनेमा 'लागतो' हे मराठीनं फार सुरेख पकडलंय. नळाला पाणी येतं, झाडाला फळ लागतं आणि थिएटरला सिनेमा लागतो. लावणारा दुसराच कोणी असतो, आपण फक्त बोर्ड वाचायचा. १९७१ ला दादरच्या कोहिनूरमध्ये दादा कोंडक्यांच्या 'सोंगाड्या'ऐवजी देव आनंदचा 'तेरे मेरे सपने' लावायचं घाटत होतं. शिवसेना मध्ये पडली आणि 'सोंगाड्या'च लागला. पुढे दादांचे नऊ सिनेमे पंचवीस-पंचवीस आठवडे चालले, गिनीजमध्ये नोंद झाली. पण सुरुवात झाली ती लागण्यावरून.

आता घरी मोबाइलवर सिनेमा बघणारी माझी नात कधीच म्हणत नाही की अमुक सिनेमा नेटफ्लिक्सवर लागलाय. ती म्हणते 'आलाय' किंवा नुसतं 'आहे'. तीच पोरगी टीव्हीवर 'अशी ही बनवाबनवी' दिसला की ओरडते, "आजोबा, बनवाबनवी लागलाय!" टीव्हीवर वेळ दुसऱ्यानं ठरवलेली असते, म्हणून तिथे तो लागतो. मोबाइलवर तो आधीपासून असतोच, कधी बघायचा हे आपल्या हातात.

आणखी दोन क्रियापदं सांगतो. निर्मात्यानं कर्ज काढून सिनेमा काढला. थिएटरवाल्यानं तो दुसऱ्या आठवड्यात काढला. दोन्ही 'काढला' शुद्ध मराठी, मधल्या मध्ये एका माणसाचं घर गेलं. तसाच 'उतरला'. सिनेमा छान उतरलाय म्हणजे जमलाय. शुक्रवारी उतरला म्हणजे थिएटरातून गेला. आणि आमटी उतरली म्हणजे आंबली! परगावच्या माणसानं कसं शिकायचं हे?

मी

काका, हे विषयांतर असेल तर रोज करा.

नव्या पोरांतली एक

आम्ही 'बरा' जवळजवळ वापरतच नाही. आमच्याकडे 'भारी' आणि 'फालतू' ही दोन टोकं, मध्ये 'ओके'. 'भारी' पण बदललाय ना? आजी 'भारी साडी' म्हणते तेव्हा महाग असं म्हणायचं असतं. आई 'पोटाला भारी पडेल' म्हणते तेव्हा ती साबुदाणा वड्याबद्दल तक्रार करते. आणि 'लई भारी' (२०१४) किंवा 'बाईपण भारी देवा' (२०२३) ही नावं वाचून कुणालाही वजनाची आठवण येत नाही. एक शब्द चढला, दुसरा उतरला. (आमटीसारखा नाही!)

कोशकीटक

छान निरीक्षण. फक्त 'बाईपण भारी देवा' या नावात मला दोन्ही अर्थ ऐकू येतात. बाईपण झकास आहे, आणि बाईपण जड आहे. 'देवा' अशी हाक शेवटी आल्यामुळे तर जास्तच. सिनेमा कसाही वाटो, पण नाव देणाऱ्याला सलाम.

मी

आता माझी खरी अडचण जुन्या सिनेमांची. परवा भाच्याला समोर बसवून 'सामना' दाखवला. १९७५ चा, जब्बार पटेलांचा, लेखन तेंडुलकरांचं. मी कितव्यांदा पाहिला ते मोजत नाही. निळू फुल्यांचा हिंदूराव धोंडे पाटील नुसता बसलेला असला तरी मला भीती वाटते, आणि श्रीराम लागूंचा मास्तर दारूच्या नशेत असूनही तोच एक प्रश्न सोडत नाही, मारुती कांबळेचं काय झालं? (इथे 'बरंवाईट' शब्द किती नेमका बसतो बघा. मारुतीचं काही बरंवाईट झालं असेल, हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं. त्या जोडशब्दात बरं नावापुरतं उरतं, अर्थ सगळा वाइटाचा. कोशकीटक, तुमच्या यादीत हे उलटं उदाहरण म्हणून टाका.)

सिनेमा संपल्यावर भाचा म्हणाला, "मावशी, भारी आहे. पण संथ आहे."

मी चिडले. मग विचार केला, कशाला चिडले? 'संथ' ही शिवी कधीपासून झाली? गदिमांची कृष्णामाई संथ वाहते आणि आपण त्यावर डोळे मिटून डोलतो. नदी संथ असली तर कौतुक, सिनेमा संथ असला तर तक्रार.

पिटातला

पोराकडे दुसरा शब्द नसेल. आमच्या वेळी पिटात चार होते. 'लांबण लावलीय' म्हणजे कथा संपली, सिनेमा संपला नाही. 'पाणी घातलंय' म्हणजे मुळात कथाच तीन आण्यांची होती. हल्ली मालिकांबद्दल म्हणतात. 'रटाळ' म्हणजे तेच ते. आणि 'रेंगाळतो' म्हणजे पात्रं दारातून आत यायला रीळभर वेळ घेतात. 'सामना'त यातलं काहीच नाही. तो दबा धरून बसतो, त्याला संथ म्हणत नाहीत.

नव्या पोरांतली एक

मला 'संथ' वरून 'कोर्ट' आठवला, चैतन्य ताम्हाणेचा. आमच्या कॉलेजच्या फिल्म क्लबात दाखवला तेव्हा अर्धा वर्ग उठून गेला. राहिलेल्या अर्ध्यांपैकी दोघं-तिघं आजही त्याबद्दल बोलतात. त्यात कॅमेरा लांब उभा राहतो आणि हलायचं नाव घेत नाही. न्यायालयात तारीख पडते, लोक उठतात, खोली रिकामी होते, तरी तो बघतोच आहे. याला 'संथ' म्हणू की 'स्थिर'? मला वाटतं संथ ही गती आहे, स्थिर ही नजर.

कोशकीटक

'संथ ही गती, स्थिर ही नजर' हे मी उचलतोय, परवानगी गृहीत धरून.

वऱ्हाडी ठसका

आणि 'बघणेबल' कुठं गेला? आमच्या ऑफिसात कोणी सिनेमा पाहून आला की एकच सवाल, बघणेबल आहे का? इंग्रजी शेपूट मराठी धातूला. शुद्धलेखनवाल्यांनी कान झाकून घ्या.

मी

'बघणेबल'चा घरंदाज भाऊ म्हणजे 'एकदा बघायला हरकत नाही'. हे वाक्य मी आयुष्यात इतक्या वेळा ऐकलंय, की हरकत घेतली कोणी होती हे मला कुणीतरी सांगावं. पण ते प्रामाणिक आहे. बघवत नाही असं नाही, परत बघावासा वाटत नाही, तिकिटाचे पैसे मागायला जाण्याइतका रागही नाही. 'बरा'ला हल्ली याच खुर्चीवर बसवलंय आपण, आणि आधीच दोघं बसलेत तिथे.

म्हणून मी स्वतःपुरतं ठरवलंय. निदान गोव्याला फोन करताना 'बरा' जुन्याच अर्थानं वापरायचा. मध्यम सिनेमाला 'मध्यम' म्हणायचं, लाजायचं काय त्यात?

मडगावकरीण

मीच ती. सगळं वाचलं. माझ्या सासूबाई अजून त्या शनिवारचं काढतात.

आता माझं ऐक. दीड वर्षापूर्वी परेश मोकाशींचा 'वाळवी' पाहून मी तुला सांगितलं होतं, सिनेमा बरो आसा. तू 'हो का' म्हणालीस आणि विषय पुण्यातल्या थंडीवर गेला. नंतर दोनदा विचारलं, पाहिलास का? नाही. आता कळलं का पाहिला नाहीस ते. मी म्हटलं चांगला, तुला ऐकू आलं बेताचा. मी तुझ्या 'बरा'वर अख्खं घर घेऊन गेले आणि तू माझ्या 'बरो'वर जागची हलली नाहीस. नुकसान कुणाचं जास्त झालं, सांग बघू.

मी

तुझं. सहा तिकिटं.

मडगावकरीण

आठ. नणंदेची पोरंही होती.

मी

काल रात्री 'वाळवी' पाहिला. जेवणाचं ताट हातात तसंच राहिलं. शेवट इथे कुणी फोडू नये ही विनंती.

बरा आहे की! ('की' वाचलंस ना?)

मडगावकरीण

वाचलं. तरी पुढच्या वेळी आधी सासूबाईंशी बोल.