जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स : खरी कारकीर्द अध्यक्षपदानंतरची?

रानवाटा : अमेरिकेचे सहावे अध्यक्ष जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स यांचा विषय निघाला की 'दुसऱ्या अध्यक्षांचे चिरंजीव, एकाच मुदतीत पडले' एवढं बोलून लोक पुढे जातात. मला हा अन्याय वाटतो. १८२८ सालच्या अध्यक्षीय निवडणुकीत अँड्र्यू जॅक्सन यांनी त्यांना ८३ विरुद्ध १७८ निर्वाचक मतांनी (राज्यांनी निवडलेल्या निर्वाचकांच्या मतांनी) धूळ चारली. त्यानंतर हा माणूस १८३१ मध्ये साधा प्रतिनिधी म्हणून सभागृहात परतला आणि १८४८ मध्ये मरेपर्यंत तिथेच झुंजला. प्रतिनिधीगृहात बसलेले माजी अध्यक्ष आजवर ते एकटेच. १८३६ मध्ये सभागृहाने ठरवलं, की गुलामगिरीविरुद्धचे अर्ज चर्चा न करता बाजूला टाकायचे. अ‍ॅडम्स दर अधिवेशनात ते अर्ज घेऊन उभे राहिले आणि ३ डिसेंबर १८४४ ला तो नियम मोडीत निघाला. मी त्यांना याच कामावरून जोखतो.

कोयनाकाठ : असहमत. सत्ता हातात होती तेव्हाचं काय? १८२० मध्ये मिसूरीला गुलामगिरीसकट राज्य म्हणून घेण्याचा वाद पेटला, तेव्हा हे परराष्ट्रमंत्री होते. रोजनिशीत गुलामगिरीवर जळजळीत लिहिलं, जाहीरपणे अवाक्षर नाही. उलट १८१२ च्या युद्धात ब्रिटिशांबरोबर निघून गेलेल्या गुलामांची भरपाई मालकांना मिळावी म्हणून सरकारच्या वतीने यांनीच पाठपुरावा केला. चौसष्टाव्या वर्षी, गमावण्यासारखं काही उरलं नसताना, धीट होणं सोपं असतं.

उंबरठा : सोपं? १८४२ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या हेवरहिल गावातल्या लोकांचा अर्ज त्यांनी मांडला. अर्जात मागणी होती देशाचं संघराज्यच विसर्जित करण्याची. अ‍ॅडम्स स्वतः त्या मागणीच्या विरोधात होते, त्यांचा आग्रह फक्त अर्ज ऐकून घेण्याचा होता. त्यावरून त्यांच्या निषेधाचा ठराव आला. चौऱ्याहत्तर वर्षांचा हा म्हातारा जवळपास दोन आठवडे स्वतःचा बचाव करत राहिला आणि शेवटी विरोधकांनाच ठराव गुंडाळावा लागला. जिवे मारण्याच्या धमक्यांची पत्रंही त्यांना येत होती. आणि आमिस्ताद या जहाजावर बंड केलेल्या, गुलाम म्हणून नेल्या जाणाऱ्या आफ्रिकी लोकांचा खटला? तीस वर्षांहून अधिक काळ सर्वोच्च न्यायालयात वकील म्हणून उभे राहिले नव्हते, तरी १८४१ मध्ये त्या आफ्रिकी कैद्यांसाठी दोन दिवस बोलले. ते लोक सुटले.

कोयनाकाठ : सुटले, पण तिथे रॉजर बाल्डविन हे वकीलही होते. त्यांचं नाव कुणी घेत नाही. आणि अध्यक्ष असतानाचं क्रीक या मूळ अमेरिकी जमातीच्या लोकांचं प्रकरण बघा. १८२५ चा जमिनीचा तह फसवणुकीने झाल्याचं कळल्यावर अ‍ॅडम्स यांनी १८२६ मध्ये नवा तह केला, इथवर ठीक. पण जॉर्जियाच्या गव्हर्नरने दंड थोपटले आणि केंद्राने माघार घेतली. जमीन गेलीच.

पाणवठा : क्रीक प्रकरणात मी कोयनाकाठ यांच्या बाजूचा. पण त्यांच्या अध्यक्षपदाचा पायाच ठिसूळ होता, हेही धरायला हवं. १८२४ मध्ये जॅक्सन यांना ९९ निर्वाचक मतं, अ‍ॅडम्स यांना ८४. बहुमत कुणालाच नाही, म्हणून निवड प्रतिनिधीगृहाकडे गेली. प्रतिनिधीगृहाचे सभापती हेन्री क्ले यांनी वजन अ‍ॅडम्स यांच्या पारड्यात टाकलं आणि पुढे तेच परराष्ट्रमंत्री झाले. सौदा झाला असो वा नसो, ते पद क्ले यांना देणं ही घोडचूक होती. त्यावर रस्ते, कालवे, राष्ट्रीय विद्यापीठ, वेधशाळा असा भव्य कार्यक्रम मांडला आणि मतदारांच्या इच्छेपायी हातपाय गाळू नका, असं काँग्रेसला सुनावलं. आधीच कमी मतांवर आलेल्या माणसाने हे बोलायचं नसतं.

रानवाटा : मिसूरीच्या वेळचं मौन मलाही खुपतं, त्यावर पांघरूण घालणार नाही. मात्र 'गमावण्यासारखं काही नव्हतं' हे मान्य नाही. त्या अर्जांवर हजारो बायकांच्या सह्या असत. बायकांनी राजकारणात पडणं लाजिरवाणं, असं एक सदस्य म्हणाला, तेव्हा १८३८ मध्ये अ‍ॅडम्स यांनी त्यांच्या अर्ज करण्याच्या हक्काची बाजू सभागृहात कित्येक दिवस लावून धरली. त्या बायकांना मताचा अधिकार नव्हता. गुलामांना तर कसलाच नव्हता. या लोकांकडून त्यांना काय मिळणार होतं?