'अ‍ॅप्रोबेशन'ला मराठीत नेमकं काय म्हणाल?

नमस्कार मंडळी. एका वकिलांना निकालपत्राचं मराठी करून देतेय. घरमालक-भाडेकरूचा दावा. सगळं सुरळीत चाललं होतं, पण एका वाक्याशी गाडी अडली : भाडेकरूला 'अ‍ॅप्रोबेट अँड रिप्रोबेट' करता येणार नाही. मी बेधडक 'मान्यता व अमान्यता देता येणार नाही' असं ठोकून दिलं. वकीलसाहेबांनी लाल पेनाने गोल करून समासात लिहिलं, 'म्हणजे काय?'

अ‍ॅप्रोबेशन हा शब्द मला जुन्या इंग्रजी कादंबऱ्यांतून माहीत. मुलगी पियानो वाजवते आणि कोपऱ्यातला म्हातारा मान डोलावतो, ते अ‍ॅप्रोबेशन. 'अप्रूव्हल' म्हटलं की साहेबाची सही आठवते. यात सहीचा संबंध नाही, मनापासून पटलेलं असतं, तेही जरा वडीलधाऱ्या थाटात. तिथे 'पसंतीची पावती' शोभेल. 'शाबासकी' लिहिलं तर थेट पाठीवर थाप पडते. पण कोर्टात काय लिहू? शिवाय भाची जर्मनीत डॉक्टर व्हायच्या खटपटीत आहे, ती फोनवर सारखं 'अप्रोबात्सिओन कधी मिळणार' म्हणते. हा तोच शब्द का?

प्रतिसाद १ : ताई, इथे पसंती-नापसंती डोक्यातून काढा. मूळ स्कॉटलंडच्या कायद्यातलं आहे. अ‍ॅप्रोबेट म्हणजे एखादी गोष्ट पत्करून तिचा फायदा घेणं, रिप्रोबेट म्हणजे तीच झुगारणं. १९९२चा आर. एन. गोसाईं विरुद्ध यशपाल धीर हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल बघा. भाडेकरूने जागा सोडण्याची लेखी हमी देऊन उच्च न्यायालयाकडून मुदत मिळवली आणि मग त्याच आदेशाविरुद्ध दिल्लीला धाव घेतली. न्यायालयाने ऐकलं नाही. बोलीत याला दोन्ही डगरींवर पाय म्हणतात, पण निकालपत्रात ते घालू नका.

प्रतिसाद २ : आमच्या सराफीत हा शब्द मराठीत रोज चालतो, कुणाच्या लक्षात येत नाही इतकंच! इंग्रज दुकानदार माल 'ऑन अ‍ॅप्रोबेशन', थोडक्यात 'ऑन अ‍ॅप्रो' द्यायचे : घरी न्या, पसंत पडला तर ठेवा, नाहीतर परत आणा. आम्ही म्हणतो जांगड. चार बांगड्या जांगड दिल्या, दोन परत आल्या. पसंती कळेपर्यंत माल आमचाच.

प्रतिसाद ३ : भाचीचा शब्द तोच. जर्मनीत डॉक्टर, दंतवैद्य, औषधनिर्माते यांना सरकार व्यवसायाचा जो परवाना देतं तो. मूळ लॅटिन क्रियापद पारखण्याचं, त्यातूनच आपलं प्रोबेशन आलं. शेक्सपिअरच्या 'मेझर फॉर मेझर'मध्ये तर नन होण्याआधीच्या उमेदवारीलाच अ‍ॅप्रोबेशन म्हटलंय. त्यामुळे भाचीसाठी 'वैद्यकीय परवाना' लिहा, 'पसंती' नको.

धागाकर्ती : सगळ्यांचे आभार! जांगड शब्द आजीच्या तोंडून ऐकला होता, अर्थ आज कळला. वाक्य असं केलंय : 'ज्या आदेशाचा लाभ भाडेकरूने स्वतः पदरात पाडून घेतला, तोच आदेश नाकारण्याची मुभा त्याला नाही.' वकीलसाहेबांनी या वेळी फक्त 'पदरात पाडून'भोवती गोल केलाय. 'घेतला' पुरे, म्हणाले.