मुंबईच्या किनाऱ्यावरचे रोजचे जीव टिपायचेत – सल्ला हवा

गंगाघाटकर
मंडळी, आजवर फोटो काढले ते गंगेवर (म्हणजे आपल्या नाशिकच्या गोदावरीवर) नाहीतर नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात. पाणकोंबड्या, शेकाटे, सोमेश्वरचा खंड्या. आता कामामुळे अधूनमधून मुंबई होणार आहे. तिथल्या किनाऱ्यावर कोणी वळूनही बघत नाही ते टिपायचंय: खेकडे, बगळे, वाळूतल्या वेली. फ्लेमिंगोमागे धावायचं नाही. सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसनं जायचं, संध्याकाळच्या पंचवटीनं परत. कॅमेऱ्यासोबत आलेली किट लेन्स आणि ७०-३०० ची लांबची झूम लेन्स आहे. अगदी जवळून टिपायची मॅक्रो लेन्स घेऊ का? आणि कुठे जाऊ?

सिडकोचा_राजा
मॅक्रो घ्याच, सेकंडहँड मिळते. बाकी गिरगाव चौपाटी.

मुरूडची_लेक
दादा, लेन्सचं नंतर. आधी भिंतीवरचं कालनिर्णय बघा. माझं माहेर किनाऱ्यावरचं, आमच्याकडे तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमारास आणि ओहोटी बाराच्या. मुंबईत अर्धा-पाऊण तास पुढे सरकतं, म्हणून निघण्याआधी त्या दिवसाचं वेळापत्रक तपासाच.

आता तुमच्या पंचवटीचं गणित. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, पाणी सगळ्यात लांब हटतं. पण ओहोटी सकाळी सहाच्या आणि संध्याकाळी सहाच्या आसपास. सकाळची तुम्ही पोचेपर्यंत संपलेली, संध्याकाळच्या नादात परतीची गाडी गेलेली. अष्टमीची ओहोटी भर दुपारी, पण ती भांगाची. पाणी फार मागे जात नाही, वर डोक्यावर ऊन. त्यापेक्षा द्वादशी-त्रयोदशी धरा. ओहोटी साडेतीन-साडेचारला, पाणीही बऱ्यापैकी उतरलेलं, आणि थंडीत तोवर उजेड मऊ झालेला असतो.

ओहोटीच्या तासभर आधी खडकांवर पोचा आणि पाण्यामागोमाग पुढे सरका. पाणी वळलं की तुम्हीही वळा, मागे बघत राहू नका. हाजी अली, कार्टर रोड, दोन्हीकडे खडकांच्या खळग्यांत संन्यासी खेकडे, समुद्रफुलं, गोगलगायी दिसतील. दगड उचललात तर होता तसाच ठेवा, खाली कोणाचं तरी घर असतं. शंखातल्या जिवंत गोगलगायी हातात घेऊ नका, कोन शंख विषारी डंख मारतो.

अर्धा_स्टॉप
ताईंना अनुमोदन. मॅक्रोऐवजी आधी पोलरायझर फिल्टर घ्या. खळग्यातल्या पाण्यावर आभाळाची चकाकी येते, ती कापली की तळ दिसतो. जवळून काढायचंच असेल तर ७०-३०० ला स्वस्तातली एक्स्टेंशन ट्यूब (कॅमेरा आणि लेन्सच्या मधली पोकळ नळी) लावा. खेकडा जवळ गेलं की बिळात जातो, त्यामुळे लांब लेन्स तिथे फायद्याचीच.

पांढरा बगळा काळ्या खडकावर असला की कॅमेरा फसतो आणि फोटोत पिसं नुसती पांढरीफटक येतात. एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप खाली ओढा, म्हणजे फोटो थोडा गडद घ्या. समुद्री बगळ्याचा राखाडी रंगाचाही प्रकार असतो, त्याला मात्र हे करू नका. उडत्या पक्ष्याला शटरचा वेग १/१००० सेकंदाच्या वर. किनाऱ्यावर लेन्स बदलायची नाही, आणि घरी आल्यावर कॅमेरा ओलसर फडक्यानं पुसायचा, नुसत्या कोरड्यानं मीठ काचेवर घासलं जातं.

नवा_पाथर्डीकर
वनस्पती कोणी सांगितल्याच नाहीत! वाळूवर मर्यादवेल शोधा: आपट्यासारखी दुभंगलेली पानं, जांभळी फुलं. दुपारपर्यंत फुलं मिटायला लागतात, त्यामुळे तुमच्या वेळेत पानांवरच भागवा. तिवराचं (खारफुटीतलं झाड) पान उलटं करून बघा, मिठाचे कण चमकतात. झाड जास्तीचं मीठ पानांतून बाहेर टाकतं. ट्यूब लावून हा फोटो मस्त येतो. कार्टर रोडलाच तिवरं आहेत. एखाद्या दिवशी ठाण्याला उतरून ऐरोलीला वनखात्याचं किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र करा. चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्या दिसल्या की तास कसा जातो कळत नाही.

गंगाघाटकर
मॅक्रोचे पैसे वाचले, धन्यवाद. द्वादशी बघून साहेबांकडे दौरा मागतो. एकट्यानं खडकांवर जाणं ठीक आहे ना? आणि पावसाळ्यात जमतं का?

मुरूडची_लेक
पहिल्यांदा एकटे नका जाऊ. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’वाले किनाऱ्यावर फिरवतात, त्यांच्यासोबत जा, नावंही कळतील. चपला नकोत, शेवाळावर पकड राहील असे बूट घाला. पावसाळ्यात खडक सोडा, वाळूवरून वाहून आलेलं टिपा. फक्त निळा फुगा आणि मागे लांब दोरे असं काही दिसलं तर लांबूनच. तो ब्लूबॉटल. मेल्यावरही डंख मारतो.