आरोपीनं कोर्टात गप्प बसायचं, हा कुठला न्याय?

मीनल
मावसबहिणीच्या खुनाच्या केसमध्ये गेल्या महिन्यात तिचा नवरा सुटला. ३१३ चा जबाब, म्हणजे साक्षीपुरावा संपल्यावर न्यायाधीश आरोपीला थेट प्रश्न विचारतात तो, त्या दिवशी मी मागच्या बाकावर होते. न्यायाधीश एकेक प्रश्न वाचत होते आणि हा मान खाली घालून "खोटं आहे", "माहीत नाही" एवढंच म्हणत होता. स्टेनो ते टाइप करत होती. "आणखी काही सांगायचंय?" "नाही." संपलं! ना शपथ, ना उलटतपासणी. माझ्या मावशीला मात्र पिंजऱ्यात दीड तास उभं करून लेकीच्या संसाराबद्दल वाट्टेल ते विचारलं. त्यानं का बोलू नये?

रमेश (वकील)
मीनलताई, तुमचा संताप कळतो. पण घटनेचं कलम २०(३) सांगतं की आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येणार नाही. शपथेवर बोलायचं तर त्यानंच लेखी मागायचं. नाही मागितलं, तर सरकारी वकिलानं त्यावर बोटही ठेवायचं नाही.
हे का, ते सांगतो. माझा एक अशील ऊसतोड मजूर. प्रश्न आला, "तुमच्या निवेदनावरून पंचांसमक्ष कोयता जप्त झाला, याबाबत काय म्हणणे आहे?" तो हात जोडून म्हणाला, "व्हय साहेब." साहेबांना नाही कसं म्हणायचं, एवढंच त्याच्या डोक्यात! न्यायाधीशांनी साध्या भाषेत पुन्हा विचारलं, म्हणून निभावलं. असा माणूस उलटतपासणीत पाच मिनिटं तरी टिकेल का?

प्रकाश, नांदेड
मजुराच्या आडून बायकोला मारणाऱ्यांना का वाचवता? आमच्याच जिल्ह्यातली केस, सुप्रीम कोर्टाचा २००६ चा निकाल. सासरचे म्हणाले साप चावला, शवविच्छेदनात निघालं गळा दाबलाय. कोर्टानं स्पष्ट सांगितलं: घराच्या चार भिंतींत खून झाला, तर खुलासा घरच्यांनी द्यायचा. गप्प बसले किंवा खोटं सांगितलं, तर ती पुराव्याच्या साखळीतली जादा कडी. इंग्लंडनं १९९४ मध्ये कायदाच केला, मौनावरून ज्यूरीला अर्थ काढता येतो. फौजदारी न्यायव्यवस्थेत सुधारणा सुचवणाऱ्या सरकारी मलिमथ समितीनं २००३ मध्ये आपल्याकडेही तेच सुचवलं होतं. झालं काहीच नाही.

शबाना
माझ्या भावाला चोरीच्या संशयावरून तीन रात्री बसवून ठेवलं होतं. चौथ्या दिवशी तो स्वतःचं नावही नीट सांगत नव्हता. त्याच्या गप्प बसण्यावरून कुणी अर्थ काढला असता तर?

रमेश (वकील)
प्रकाशराव, "जादा" हाच शब्द धरा. आधी सरकार पक्षानं साखळी जोडायची, मग ही कडी. इंग्लंडमध्येही नुसत्या मौनावर कुणाला दोषी ठरवता येत नाही. मीनलताई, निकालपत्रात नेमकं काय म्हटलंय?

मीनल
काल पुन्हा वाचलं. दोन्ही पंच फितूर. शेजारणीनं रात्री आरडाओरडा ऐकला होता, पण पोलिसांनी तिचा जबाब घेतला अडीच महिन्यांनी, म्हणून तो धरला नाही. नवरा त्या रात्री घरात होता, हेच सिद्ध झालं नाही म्हणे.
तपासात माती खाल्ली, हे मान्य. तरी रमेशजी, मला तुमचं पूर्ण पटत नाही. रात्री कुठे होतास, एवढा एक प्रश्न त्याला शपथेवर विचारायला हवा होता.
मावशीच्या नावानं अपील टाकतोय. शेजारीण अजून तिथंच राहते.