मदत हवी आहे: उन्हाळ्यात लेट्यूसला डेंगळे (फुलांचे दांडे) येतात, कडा करपतात. पाणी गार करू की वाण बदलू?

नमस्कार मंडळी. तळेगावच्या बाजूला शेडनेटमध्ये एनएफटीवर (माती नाही, पाइपांतून वाहणाऱ्या खतपाण्याच्या पातळ थरावर) लेट्यूस घेतो. थंडीत तक्रार नसते. मार्च लागला की मात्र एकाच नेटखाली, एकाच टाकीच्या पाण्यावर प्रत्येक वाणाचं वेगळं रडगाणं सुरू.

रोमेनला सगळ्यात आधी डेंगळे. मधला शेंडा सुटतो, कापलं की देठातून पांढरा चीक टपटपतो. हॉटेलवाला एक पान चावतो आणि क्रेट परत. आइसबर्गचा गड्डाच बसत नाही. बटरहेड बाहेरून छान दिसतो, पण पानं उलगडली की आतल्या कोवळ्या कडा चहाच्या चोथ्यासारख्या. लोलो रोसो ठणठणीत, फक्त लाली उतरते. आणि लोक तो घेतात लालीसाठीच. बटाव्हिया तेवढा निमूट वाढतोय.

दुकानदार म्हणतो कॅल्शियम कमी पडतंय. पण पाणी तपासलं तर त्यात कॅल्शियम भरपूर. दुपारी आत हवा ३७-३८ अंश, टाकीतलं पाणी ३१. चिलर (पाणी गार करायचं यंत्र) घ्यावा, ५० टक्के सावलीच्या जागी ७५ टक्के सावलीची नेट टाकावी, की एप्रिल-मे नुसता बटाव्हिया लावावा? शिवाय ट्रेमध्ये बी धड उगवत नाही. पाकीट तेच, थंडीत भराभर उगवलेलं.

प्रतिसाद १
दुकानदाराचं ऐकू नका. कॅल्शियम टाकीत आहे, ते पोचायला हवं तिथे पोचत नाही. पाण्याच्या ओढीबरोबरच ते वर चढतं, आणि ओढ असते बाहेरच्या मोठ्या पानांची. गाभ्यातल्या पानांभोवती हवा कोंडलेली, त्यातून बाष्प फारसं जात नाही, आणि उन्हाळ्यात वाढ मात्र झपाट्याने. बाहेरच्या पानात एकदा बसलेलं कॅल्शियम आत सरकत नाही. वारा थेट गाभ्यावर पडेल असे पंखे लावा, ईसी (पाण्यातल्या खतक्षारांची तीव्रता) थोडा उतरवा. रात्री हवा दमट राहिली तर मुळांच्या दाबाने आतल्या पानांनाही वाटा मिळतो.

७५ ची नेट नको. उजेड घटला की झाड उंच सुटतं, आणि लोलोची उरलीसुरली लालीही जाईल. तो रंग उजेड आणि गारव्यावर चढतो.

माझं मत: पैसे मुळांवर घाला. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे ९ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो, ३० अंशांना ७.५. मुळांची गरज नेमकी तेव्हाच वाढलेली, आणि पिथियमला (मुळं कुजवणाऱ्या बुरशीसारख्या जिवाला) कोमट पाणी मानवतं. सिंगापूरमध्ये एरोपोनिक्सवर (मुळं हवेत लोंबती ठेवून त्यांवर खतपाणी फवारतात) मुळं २० अंशांच्या आसपास ठेवून लेट्यूस घेतलंय, वर हवा दमट आणि तापलेली असताना.

प्रतिसाद २
डेंगळ्यांचं वेगळं आहे दादा. उष्णतेने झाडात जिबरेलिन (वाढीचं संप्रेरक) वाढतं, त्यात दिवस मोठा होत जातो. झाड फुलोऱ्याच्या मागे लागलं की परत फिरत नाही. चिकातली लॅक्टुसिनसारखी कडू द्रव्यंही तेव्हाच वाढतात. रोमेन पूर्ण भरायची वाट न बघता कोवळं असतानाच पहाटे काढा. आइसबर्ग उन्हाळ्यात सोडून द्या.

बियाचं सोपं आहे. पुष्कळ वाणांचं बी २५-३० अंशांच्या वर उगवायचं थांबतं; ते मेलेलं नसतं. संध्याकाळी पेरा, वरून कोकोपीटचा जाड थर नको, कारण त्याला उजेड लागतो. पहिले दोन दिवस ट्रे एसीच्या खोलीत ठेवा.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. पंखे या आठवड्यात बसवतो, ट्रे आजच खोलीत हलवतो. रोमेनच्या जागी निम्मा बटाव्हिया. चिलरच्या विजेचा हिशोब अजून बसत नाहीये. टाकी जमिनीत पुरून, पाइपांवर पांढरं आवरण घालून पाण्याचे किती अंश उतरतात? कोणी थर्मामीटर लावून मोजलं असेल तर दुपारी तीनचा आकडा सांगा.