मदत हवी आहे: डीटीपी आणि व्हिडिओसाठी विंडोज, मॅक की लिनक्स?

नमस्कार मंडळी,

मी सांगलीत डीटीपी (संगणकावर छपाईची पानं जुळवणं) आणि डिझाइनचं काम करते. लग्नपत्रिका, बेदाण्याच्या बॉक्सची लेबलं, हळदीची पाकिटं, नाट्यस्पर्धांच्या स्मरणिका. भाचा हाताशी आलाय, तो व्हिडिओ एडिटिंग करतो. मशीन सातव्या पिढीचं आय फाइव्ह आहे. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची सोय) लागतं. म्हणजे नवीन मशीन घेणं आलंच. मग सिस्टीमसुद्धा विचार करूनच निवडावी म्हणते.

खरा घोळ मराठीचा आहे. जुन्या फाइल्स पेजमेकर (पानं मांडायचं) आणि कोरल (डिझाइनचं) या सॉफ्टवेअरमधल्या, मजकूर सगळा श्रीलिपीच्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येणाऱ्या युनिकोड पद्धतीत नाही. फॉन्ट नसलेल्या मशीनवर त्या उघडल्या की 'श्री गणेशाय नमः'च्या जागी रोमन अक्षरं आणि कंस-स्वल्पविरामांची रांग दिसते. पेजमेकर तर २००१ च्या ७.० वरच थांबलं. फॉन्ट एक वेळ कुठेही टाकता येतील, पण माझा मराठी टायपिंगचा कीबोर्ड ड्रायव्हर आणि डोंगल (सॉफ्टवेअर चालायला मशीनला लावायची परवान्याची चावी) विंडोजचे आहेत. आणि गिऱ्हाईक 'मागच्या वर्षीचंच, फक्त वजन बदला' म्हणत येतं, त्याला नाही कसं म्हणणार?

मॅकवर कोरल २०१९ पासून परत आलंय. पण एम सीरिजच्या मॅकवर बूट कॅम्प (मॅकवर थेट विंडोज चालवायची सोय) नाही. पॅरलल्समध्ये (मॅकच्या आत विंडोज चालवणारं सॉफ्टवेअर) एआरएमचं, म्हणजे तशा चिपसाठीचं विंडोज टाकलं तर जुना डोंगल ओळखला जातो का? हे कुणी स्वतः करून पाहिलं असेल तर नक्की सांगा.

लिनक्स मिंट पेनड्राइव्हवरून चालवून पाहिलं. डिझाइनच्या इंकस्केपमध्ये युनिकोड जोडाक्षरं सुरेख येतात, पानं मांडायच्या स्क्रायबसमधून सीएमवायके (छपाईच्या चार रंगांची) पीडीएफ निघते, चित्रं काढायचं क्रिता तर मला फारच आवडलं. अडोबीचं काही तिथे मिळत नाही, त्यावाचून माझं अडत नाही. भाच्याचं अडतं: दा विंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरच्या लिनक्सवरच्या फुकट आवृत्तीत एच.२६४ (मोबाइलच्या व्हिडिओचा नेहमीचा प्रकार) चालत नाही, मोबाइलचं शूटिंग आधी कन्व्हर्ट करावं लागतं. शिवाय आमचे ऑफसेट छपाईवाले सीडीआरच (कोरलची फाइल) मागतात, तीही जुन्या व्हर्जनमध्ये.

माझा कल असा आहे: जुनं मशीन नेट काढून फक्त जुन्या फाइल्ससाठी ठेवायचं, आणि नव्यावर पहिल्या दिवसापासून सगळं युनिकोडमध्येच करायचं. तसं झालं तर नव्यावर कुठलीही सिस्टीम चालावी. पण श्रीलिपीचा मजकूर युनिकोडमध्ये आणताना रफार आणि पहिली वेलांटी जागेवर राहते का? स्मरणिकेसारखं शंभर पानांचं काम कुणी असं बदलून घेतलंय का?

बजेट मॉनिटरसह ऐंशी हजार. तुळशीचं लग्न झालं की पत्रिकांची घाई सुरू होते, त्याआधी ठरवायचंय. मिरज, कोल्हापूर, कराडकडे कुणी मॅकवर किंवा लिनक्सवर मराठी छपाईचं काम करत असेल, तर फाइल्स घेऊन येऊन बघायची माझी तयारी आहे.