मदत हवी आहे: घटपर्णीच्या बाळरोपांना पहिला हिवाळा बाहेर सोसेल का?

नमस्कार मंडळी. सारासेनिया ही कलशासारख्या पानांत किडे पकडणारी घटपर्णी मी बियांपासून, तीही उघड्यावर वाढवतोय. थंडी मिळाल्याशिवाय हे बी नीट रुजत नाही, म्हणून ओलसर स्फॅग्नम मॉसमध्ये (पाणी धरून ठेवणारं दलदलीतलं मॉस) गुंडाळून महिनाभर फ्रिजमध्ये ठेवलं आणि मगच पेरलं. पीट (दलदलीतला अर्धवट कुजलेला पालापाचोळा) आणि परलाइट (हलके पांढरे खडे) यांचं मिश्रण, खत अजिबात नाही, कुंड्या पावसाच्या पाण्याच्या ट्रेमध्ये. रुजायला उजेड लागतो म्हणून बी वरच भुरभुरलं, झाकलं नाही.

उगवण छान झाली. बीजपत्रांनंतरचं पहिलंच पान इवल्याशा कलशाचं! इतक्या लहानपणीच हे रोप सापळा घेऊन येतं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आता अडचण. कुंडीत हिरवं शेवाळ रोपांपेक्षा वेगाने वाढतंय आणि काही रोपं त्यात बुडू लागलीत. चिमट्याने उपटावं तर नाजूक मुळं हलतात. पाण्याची पातळी कमी केली तर शेवाळ आटोक्यात येईल, की रोपंच सुकतील?

दुसरा प्रश्न मला जास्त छळतोय. मोठ्या झाडांना हिवाळ्यात विश्रांती हवीच, पण पहिल्या वर्षीच्या रोपांना ती द्यावी, की घरात दिव्याखाली वाढवत ठेवावं? पूर्ण वाढीला तीन ते पाच वर्षं लागतात, त्यामुळे एक हिवाळा वाचला तर मोठाच फायदा. पण बाहेरच्या कडक उन्हाची सवय मोडेल अशी भीती वाटते.

ज्यांनी बियांपासून घटपर्णी मोठी केली आहे, त्यांनी कृपया सांगा.